ब्युर्गरमायस्टर रायफायझेन : दानाकडून सहकाराकडे

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात सहकाराचे प्रकरण आले की रायफायझेन हे नाव हटकून येते. पानाच्या मध्ये एक उभी रेघ, एका बाजूला शुल्झे-डेलिच, दुसऱ्या बाजूला रायफायझेन, आणि दोघांच्या पतपेढ्यांतील फरकाचे सहा-सात मुद्दे. परीक्षेपुरते तेवढे पुरते. परंतु हे मुद्दे कोणी, कोठे आणि कशाच्या अनुभवातून शोधून काढले हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. रायफायझेन हा अर्थशास्त्रज्ञ नव्हता, सावकार नव्हता, पेढीवालाही नव्हता. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. १८४५ ते १८६५ अशी वीस वर्षे तो प्रशियाच्या राज्यातील एकामागून एक अशा तीन लहान गावांचा ब्युर्गरमायस्टर, म्हणजे मुख्य कारभारी, होता. पुस्तकातील ती तत्त्वे त्याने कोणत्याही ग्रंथातून उचललेली नाहीत. पाव, गाय आणि कर्ज या तीन साध्या गोष्टींशी वीस वर्षे झगडताना ती त्याच्या हाती आली. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे तत्त्व तर त्याने मनाविरुद्ध, केवळ अनुभवाने पटले म्हणून स्वीकारले. या कारकीर्दीचा थोडा तपशिलात जाऊन परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ज्या महाराष्ट्रात गावोगाव 'सोसायटी' हा शब्द मराठीच होऊन बसला आहे, तेथील विद्यार्थ्यांना या माणसाची ओळख परकी वाटू नये.

वेस्टरवाल्डचा मुलगा

ऱ्हाईन नदीच्या पूर्वेस वेस्टरवाल्ड नावाचा डोंगराळ मुलूख आहे. थंडी, वारा आणि पाऊस भरपूर. जमीन हलकी आणि वाटण्या होत होत तुकड्या-तुकड्यांची झालेली. राय, ओट आणि बटाटा ही पिके. १८१५ मध्ये नेपोलियनचा पाडाव झाल्यावर हा भाग प्रशियाच्या राज्यास जोडला गेला. या मुलखातील झीग नदीकाठच्या हाम या गावी ३० मार्च १८१८ रोजी फ्रिडरिख विल्हेल्म रायफायझेनचा जन्म झाला. नऊ भावंडांत तो सातवा. वडील शेतकरी होते व काही काळ गावाचे ब्युर्गरमायस्टरही होते. पुढे आजारपणामुळे त्यांच्या हातून कारभार सुटला आणि घराचा भार आईवर पडला.

मुलाच्या नशिबी गावच्या शाळेपलीकडचे शिक्षण आले नाही. जी काही विद्या मिळाली ती गावचे धर्मोपदेशक झायपेल यांच्या शिकवणीतून. शेजाऱ्याच्या दुःखाचा जाब आपल्यालाही द्यावा लागणार आहे, ही ख्रिस्ती श्रद्धा त्याच्या मनात येथेच रुजली आणि शेवटपर्यंत टिकली. सतराव्या वर्षी, १८३५ मध्ये, तो सैन्यात तोफखान्यात दाखल झाला. तेथे त्याची प्रगती चांगली चालली होती. पण डोळ्यांचा विकार जडला आणि १८४३ मध्ये सैन्य सोडावे लागले. मग मुलकी खात्यात कारकुनी, मायेन येथे दोन वर्षे जिल्हा कचेरीत काम, आणि १८४५ च्या आरंभी, वयाच्या सव्वीसाव्या वर्षी, वायरबुशच्या ब्युर्गरमायस्टर पदावर नेमणूक. त्याच वर्षी एमिली श्टोर्क या रेमागेनच्या औषधविक्रेत्याच्या मुलीशी त्याचा विवाह झाला.

ब्युर्गरमायस्टर म्हणजे कोण?

या शब्दाचे भाषांतर आपण 'नगराध्यक्ष' किंवा 'महापौर' असे करतो, आणि त्यामुळे डोळ्यांसमोर निवडणूक, पक्ष आणि सभागृह उभे राहते. ऱ्हाईन प्रांतातील त्या वेळचा ग्रामीण ब्युर्गरमायस्टर असा नव्हता. तो निवडून येत नसे. प्रशियन सरकार त्याची नेमणूक करी. त्याच्या हाताखाली एक गाव नसून गावांचा पुंजका असे. वायरबुशच्या ब्युर्गरमायस्टरकडे बावीस गावे होती, फ्लामर्सफेल्डकडे तेहेतीस. प्रत्येक गावाला आपला मुखिया असे. या सर्वांवर देखरेख, कर, रस्ते, शाळा, गरिबांची व्यवस्था, पोलिसी अधिकार आणि वरून येणाऱ्या हुकमांची अंमलबजावणी ही ब्युर्गरमायस्टरची कामे. त्याच्यावर लांडराट हा मोठ्या विभागाचा अधिकारी. आपल्याकडील तुलनाच करायची तर सरपंच आणि मामलेदार यांच्या मधला हा माणूस म्हणता येईल. लोकांमध्ये राहणारा, पण पगार व हुकूम वरून घेणारा. रायफायझेनच्या कामाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही या दुहेरी जागेत आहेत.

वायरबुश : पावाचा प्रश्न

वायरबुशला येताच त्याने दोन गोष्टींकडे लक्ष दिले : शाळा आणि रस्ता. डोंगरातील माल ऱ्हाईनकाठच्या बाजारापर्यंत पोहोचत नाही तोवर शेतकऱ्याच्या हाती पैसा येणार नाही, हे त्याने ओळखले होते. वायरबुशहून फ्लामर्सफेल्डवरून नदीकाठच्या नॉयव्हीडकडे जाणारा जो रस्ता पुढे तयार झाला तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

परंतु रस्ता पुरा होण्याआधीच दुष्काळ आला. १८४५ पासून युरोपात बटाट्यावर रोग पसरला होता. १८४६ मध्ये धान्याचेही पीक बुडाले. १८४६-४७ च्या हिवाळ्यात वेस्टरवाल्डमध्ये लोकांची अन्नान्नदशा झाली. सरकारने कोठारातून पीठ पाठवले, पण त्यासोबत हुकूमही पाठवला : रोख पैसे देईल त्यालाच द्यावे. ज्याच्याजवळ रोख पैसा होता तो उपाशी नव्हता आणि जो उपाशी होता त्याच्याजवळ रोख पैसा नव्हता. सरकारी मदतीचा हा जुनाच विनोद आहे.

तरुण ब्युर्गरमायस्टरने हा हुकूम बाजूला ठेवला. गावातील सधन मंडळींना एकत्र बोलावून त्याने त्यांच्याकडून निधी उभा केला. पीठ गरजूंना उधारीच्या चिठ्ठीवर दिले. पैसे पीक आल्यावर फेडायचे. मग निधीतून बाहेरून धान्य खरेदी केले, गावात सामुदायिक भट्टी बांधली आणि तेथे भाजलेला पाव बाजारभावाच्या जवळजवळ निम्म्या किमतीत मिळू लागला. पुढच्या पेरणीसाठी बियाण्याचे बटाटेही याच मार्गाने आणले. या मंडळाला 'वायरबुशचा पाव-संघ' असे नाव मिळाले.

या संघाला कित्येकदा पहिली सहकारी संस्था म्हटले जाते. काटेकोरपणे पाहता ते बरोबर नाही. पैसा श्रीमंतांचा, पाव गरिबांचा. देणारे एका बाजूला, घेणारे दुसऱ्या बाजूला. घेणाऱ्याचा कारभारात काहीही वाटा नव्हता. हे संघटित दान होते. मात्र त्यात एक नवी गोष्ट होती : फुकट न देता उधार देणे. गरीब माणूस परतफेड करील असा विश्वास त्यात गृहीत धरलेला होता. पुढच्या साऱ्या कार्याचे बीज या विश्वासात आहे.

फ्लामर्सफेल्ड : गाय आणि कर्ज

१८४८ मध्ये, जर्मनीत क्रांतीचे वारे वाहत असतानाच, रायफायझेनची बदली फ्लामर्सफेल्डला झाली. येथे उपासमारीपेक्षा मोठा प्रश्न कर्जाचा होता. शेतकऱ्याचे सारे अर्थशास्त्र गाईभोवती फिरत असे. दूध, शेतीचे खत, नांगर ओढण्याचे काम आणि वासराचा पैसा हे सारे तिच्यापासून. गाय मेली किंवा विकावी लागली की शेतकरी गुरांच्या व्यापाऱ्याकडे जाई. व्यापारी गाय उधारीवर देई, किंवा आपल्याकडे जनावर अर्धलीने लावतात तशा कराराने तिला शेतकऱ्याच्या गोठ्यात बांधी. हप्ता चुकला की गाय परत जाई, आणि पुढे जमिनीचाही लिलाव होई. कर्जदाराला लिहिता-वाचता येत असले तरी करारातील खोच त्याच्या ध्यानात येत नसे.

१ डिसेंबर १८४९ रोजी रायफायझेनने 'फ्लामर्सफेल्डचा गरीब शेतकरी साहाय्यक संघ' स्थापन केला. साठ सधन नागरिकांनी एकत्र येऊन आपल्या सर्व मालमत्तेनिशी संघाच्या देण्याची हमी घेतली. या हमीवर संघाला बाहेरून रास्त व्याजाने भांडवल मिळाले. संघ गाई खरेदी करी, शेतकऱ्यांना देई आणि पाच वर्षांत हप्त्याने पैसे वसूल करी. थोड्याच काळात असे दिसून आले की प्रत्येक वेळी गाय खरेदी करून देण्यापेक्षा शेतकऱ्याच्या हाती कर्जाऊ रक्कम देणे सोपे व सोयीचे आहे. अशा रीतीने संघ गाईकडून पैशाकडे वळला.

येथे वायरबुशच्या पुढे एक मोठे पाऊल पडले होते. आता दानाची गरज नव्हती. हमी पुरेशी होती. एकट्या शेतकऱ्याच्या चिठ्ठीला पेढीवर किंमत नव्हती. पण साठ माणसे 'आमचे सर्वस्व यामागे आहे' असे लिहून देतात तेव्हा तीच चिठ्ठी सोन्याची होते. अमर्याद जबाबदारी हे रायफायझेन-पद्धतीचे पहिले तत्त्व असे फ्लामर्सफेल्डला जन्मास आले. तरीही मूळ दुबळेपणा कायम होता. हमी घेणारे श्रीमंत, कर्ज घेणारे गरीब. धोका एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा. माणसाची सद्भावना असा व्यवहार किती वर्षे चालू ठेवील?

या कालखंडाबद्दल लिहिताना एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य नाही. त्या मुलखातील गुरांचे व्यापारी व सावकार यांत ज्यू लोक बरेच होते. रायफायझेनच्या लिखाणात, विशेषतः उतारवयातील लिखाणात, ज्यूंविषयीचा त्या काळचा पूर्वग्रह उमटलेला आहे. त्याच्या द्विशताब्दीच्या सुमारास, २०१८ मध्ये, जर्मनीत या बाजूचीही चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. कर्जबाजारीपणाचे कारण सावकाराच्या जातीत नसून, गावात पतपुरवठ्याची दुसरी सोयच नसण्यात होते. रायफायझेनच्या कृतीने हे सिद्ध केले. त्याच्या लेखणीला मात्र ते नेहमी उमगले असे म्हणता येत नाही.

हेडेसडोर्फ : सद्भावना थकते

१८५२ मध्ये तो हेडेसडोर्फला आला. ऱ्हाईनकाठच्या नॉयव्हीड शहराला लागून असलेला हा भाग डोंगरातील दोन्ही ठिकाणांपेक्षा वेगळा होता. जवळच लोखंडाचे कारखाने होते, मजूरवस्ती होती आणि तिच्याबरोबर येणारे प्रश्नही होते. येथे तेरा वर्षे राहून त्याने आपली कारकीर्द पुरी केली.

१८५४ मध्ये त्याने 'हेडेसडोर्फ परोपकारी संघ' काढला. त्याच्या उद्देशांची यादी वाचली म्हणजे या माणसाच्या मनाची व्याप्ती कळते. अनाथ व दुर्लक्षित मुलांचे संगोपन, बेकारांना काम, तुरुंगातून सुटून आलेल्यांना आधार, लोकांसाठी ग्रंथालय, शेतकऱ्यांना गुरे, आणि गरजूंना कर्जे. एका गावाचे सारे दुःख एकाच संस्थेने हलके करावे असा हा मनोरथ होता.

दहा वर्षांत काय झाले? मुलांचे, ग्रंथालयाचे, सुटलेल्या कैद्यांचे काम एकेक करून मागे पडले. टिकली ती फक्त कर्जाची शाखा. सधन सभासद हळूहळू बाजूला होऊ लागले. स्वतःला कशाचीही गरज नसताना इतरांच्या कर्जापोटी आपले घरदार किती काळ जोखमीत ठेवायचे, हा त्यांचा प्रश्न गैरवाजवी नव्हता. रायफायझेनचा पिंड दानधर्माचा. श्रीमंताने गरिबाला हात द्यावा, ही त्याच्या दृष्टीने आज्ञाच होती. त्यामुळे परोपकाराच्या पायावर संस्था टिकत नाही हा निष्कर्ष त्याला जड गेला असला पाहिजे. परंतु तो पुस्तकी माणूस नव्हता. जे डोळ्यांसमोर घडले ते त्याने मान्य केले.

जवळच्या आनहाउझेन या गावी १८६२ मध्ये जी पतसंस्था निघाली तीत कर्ज घेणारे स्वतःच सभासद होते. या पद्धतीची ती पहिली संस्था मानली जाते. १८६४ मध्ये रायफायझेनने आपल्या हेडेसडोर्फच्या संघाचेही रूपांतर 'हेडेसडोर्फ कर्ज-निधी संघ' या पतसंस्थेत केले. नियम एकच, पण त्याने सारे बदलले : ज्याला कर्ज हवे त्याने सभासद व्हावे, आणि जो सभासद झाला त्याने इतर सर्वांच्या कर्जाची जबाबदारी घ्यावी. देणारा व घेणारा यांमधली भिंत पडली. दानाचा सहकार झाला. यासाठी एका बुद्धिमान व तळमळीच्या माणसाला अठरा वर्षे लागली ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुस्तकात ती एका ओळीत येते.

पद्धतीचे मर्म

आता त्या उभ्या रेघेच्या उजव्या बाजूचे मुद्दे पाहू. ते सुटे नाहीत, एकमेकांत गुंतलेले आहेत, हे दिसून येईल.

पहिला मुद्दा अमर्याद जबाबदारीचा. समजा, शंभर शेतकऱ्यांच्या संस्थेने बाहेरून हजार थालर कर्ज काढले आणि त्यांतील एकाने आपले पन्नास बुडवले, तर ते इतरांना भरावे लागतील. ही जोखीम कोण पत्करील? जो इतर नव्व्याण्णव जणांना ओळखतो तोच. म्हणून दुसरा मुद्दा येतो : संस्थेचे क्षेत्र एका गावापुरते. गावात कोण कष्टाळू, कोण मद्यपी, कोणाची गाय भाकड, हे सर्वांना ठाऊक असते. शहरातल्या पेढीला जी माहिती पैसे खर्चूनही मिळत नाही ती येथे पाराखाली फुकट मिळते. तिसरा मुद्दा कर्जाच्या कारणाचा. कर्ज फक्त उत्पादक कामासाठी आणि फक्त सभासदाला. गाईसाठी काढलेल्या पैशाची गाय आली की नाही हे शेजारी कुंपणावरून पाहतो. आणि ज्याचे घर जामीन आहे तो शेजारी नक्कीच पाहतो.

चौथा मुद्दा मुदतीचा. गाय पाच वर्षांत फिटते, जमिनीची सुधारणा त्याहूनही उशिरा. म्हणून कर्ज दीर्घ मुदतीचे. पाचवा, पदाधिकारी विनावेतन. मोबदला फक्त हिशेबनिसाला. सहावा, भाग नाहीत, लाभांश नाही. नफा होईल तो सर्व अविभाज्य राखीव निधीत जावा आणि संस्था मोडली तरी तो सभासदांनी वाटून घेऊ नये. या शेवटच्या नियमामागे खोल विचार आहे. निधी वाढत गेला की संस्था बाहेरच्या भांडवलावर कमी अवलंबून राहते, आणि निधी वाटता येत नसल्याने संस्था मोडून पैसा घेण्याचा मोह कोणाला होत नाही. एका पिढीची बचत पुढच्या पिढीच्या स्वाधीन होते.

सर्व मुद्द्यांच्या मुळाशी एकच गृहीत आहे : माणसे एकमेकांना ओळखतात, आणि साधारणपणे समान स्थितीत आहेत. हे गृहीत ढळले की पुढचे सारे डळमळते. आपल्याकडे काय झाले हे पाहताना याची आठवण ठेवावी लागेल.

निवृत्ती, दारूचा धंदा आणि वाद

१८६३ मध्ये एमिलीचा मृत्यू झाला. रायफायझेनची स्वतःची प्रकृती खालावली होती, दृष्टी झपाट्याने मंदावत होती. १८६५ च्या अखेरीस, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्याला पद सोडावे लागले. निवृत्तिवेतन तुटपुंजे, पदरी मुले. त्याने प्रथम सिगारचा लहान कारखाना काढला, मग द्राक्षाच्या मद्याचा व्यापार केला, आणि त्यावर घर चालवले. सहकारी संस्थांच्या पैशावर त्याने चरितार्थ केला नाही. त्याची मोठी मुलगी अमाली ही त्याचे डोळे आणि हात बनली. तो सांगे, ती लिही. पत्रे, अहवाल, लेख असे कित्येक वर्षांचे लिखाण तिच्या हातून झालेले आहे. सहकाराच्या इतिहासात तिचे नाव क्वचितच येते, म्हणून येथे मुद्दाम नोंदवले आहे.

१८६६ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रामीण जनतेच्या, तसेच शहरी कारागीर व मजुरांच्या, विपन्नावस्थेवर उपाय म्हणून पतसंस्था, असा त्याचा विषय. वीस वर्षांच्या कारभाराचा तो जणू जमाखर्च होता. त्याच्या हयातीतच त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि त्यातील नमुना-नियम पाहून गावोगाव संस्था निघू लागल्या.

याच काळात हेरमान शुल्झे-डेलिच याच्याशी त्याचा वाद पेटला. शुल्झे हा न्यायाधीश व उदारमतवादी राजकारणी. त्याने १८५० मध्ये डेलिच या गावी कारागिरांसाठी पतपेढी काढली होती. त्याच्या संस्थांत भाग असत, लाभांश असे, क्षेत्र मोठे, अधिकारी पगारी, आणि कर्जाची मुदत थोड्या महिन्यांची. त्याचा आक्षेप बिनतोड होता : ठेवी अल्प मुदतीच्या घ्यायच्या आणि कर्जे पाच-दहा वर्षांची द्यायची, ठेवीदार एकदम मागायला आले तर काय करणार? रायफायझेनचे उत्तरही तितकेच खरे होते : सुताराचा माल तीन महिन्यांत विकला जातो, शेतकऱ्याची गाय तीन महिन्यांत कर्ज फेडू शकत नाही.

ही अडचण सोडवण्यासाठी गावसंस्थांच्या वर मध्यवर्ती संस्था हवी, जिच्याकडे एका भागातील शिल्लक दुसऱ्या भागाला देता येईल, हे रायफायझेनने ओळखले. १८७२ मध्ये नॉयव्हीड येथे त्याने ऱ्हाईन प्रांतासाठी अशी बँक काढली. १८७४ मध्ये साऱ्या जर्मनीसाठी शिखर बँक काढली. पण शुल्झेच्या पक्षाने कायद्याचा आक्षेप घेतल्यामुळे ती गुंडाळावी लागली. १८७६ मध्ये त्याने तीच कल्पना भागभांडवली कंपनीच्या रूपाने पुन्हा उभी केली, आणि १८७७ मध्ये संस्थांचा संघ स्थापन केला. गावसंस्थांना भाग ठेवणे कायद्याने भाग पडले तेव्हा त्याने ते नाममात्र ठेवले. तत्त्व सोडले नाही, कायदाही मोडला नाही.

११ मार्च १८८८ रोजी हेडेसडोर्फ येथे, सत्तराव्या वाढदिवसाला तीन आठवडेही उरले नसताना, त्याचे निधन झाले. दोनच दिवसांपूर्वी सम्राट पहिला विल्हेल्म वारला होता. साऱ्या देशाचे लक्ष बर्लिनकडे होते. त्या वेळी रायफायझेनच्या संघात चारशेहून अधिक संस्था होत्या. पुढे ही पद्धत ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, हॉलंड अशी पसरत गेली. हॉलंडमधील प्रसिद्ध राबोबँकेच्या नावातील पहिले अक्षर रायफायझेनचेच आहे. आणि ज्या दोन पद्धतींच्या भांडणाने तो थकला होता त्यांचे जर्मनीतील राष्ट्रीय संघ १९७२ मध्ये एक झाले. आता तेथे क्रमिक पुस्तकातील ती उभी रेघ बरीचशी पुसली गेली आहे.

आपल्या दाराशी

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. दख्खनच्या दंग्यांचा तो आरंभ. त्याच सुमारास रायफायझेन नॉयव्हीडला मध्यवर्ती बँकेची जुळवाजुळव करत होता. प्रश्न एकच होता, उत्तरे दोन. सरकारने १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला, पण कायद्याने सावकाराचा हात धरला तरी शेतकऱ्याच्या हाती बी-बियाण्याचा पैसा येत नाही. सर विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना पुढे केली. विलायतेतून तिला नकार आला.

पुढे मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्यास युरोपातील शेतकी पतसंस्थांचा अभ्यास करण्यास नेमले. १८९५ व १८९७ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानने आधी आपला रायफायझेन शोधावा, हे त्याच्या सांगण्याचे सार. १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा या विचारातून आला. ग्रामीण संस्थांना अमर्याद जबाबदारी बंधनकारक आणि शहरी संस्थांना मोकळीक, अशी त्याची विभागणी, म्हणजे रायफायझेन आणि शुल्झे यांना शेजारी बसवण्याचाच प्रकार. त्या वेळच्या मुंबई इलाख्यात धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे १९०५ मध्ये पहिली शेतकी पतसंस्था नोंदली गेली. १९११ मध्ये मुंबईत विठ्ठलदास ठाकरसी व लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मध्यवर्ती बँक निघाली. आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ती हीच.

परंतु नियम आले, परिस्थिती आली नाही. वायरबुशला पाव-संघ आधी आला आणि कायदा नंतर. आपल्याकडे कायदा आधी आला आणि निबंधक गावोगाव संस्था शोधत फिरला. तेथे बावीस गावांचा कारभारी सरकारी हुकूम बाजूला ठेवून लोकांबरोबर उभा राहिला; येथे संस्थाच सरकारचा हुकूम म्हणून गावात शिरली. शिवाय ओळखीचे आणि समानतेचे ते गृहीत. आपल्या गावात माणसे एकमेकांना ओळखतात हे खरे. पण ती जातीने, पाण्याने आणि जमिनीने इतकी विभागलेली की बागाईतदाराने भूमिहीनाच्या कर्जाला आपले घर तारण लावावे ही अपेक्षाच कृत्रिम ठरली. ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही होते तो अमर्याद जबाबदारीला भिऊन दूर राहिला.

रिझर्व्ह बँकेच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीने १९५४ मध्ये हिशेब मांडला तेव्हा शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा सुमारे ३ टक्के निघाला आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के. समितीत धनंजयराव गाडगीळ होते. समितीने सुचवलेले उपाय पाहिले तर ते रायफायझेनच्या जवळजवळ प्रत्येक तत्त्वाच्या उलट आहेत : मर्यादित जबाबदारी, मोठे क्षेत्र, पगारी सेवक आणि सरकारचे भागभांडवल. पुढे १९६० मध्ये वैकुंठभाई मेहतांच्या समितीने तोल पुन्हा लहान, गावाच्या परिचयावर उभ्या असलेल्या संस्थेकडे झुकवला. म्हणजे नॉयव्हीडला झालेला वाद आपल्या दोन थोर सहकारतज्ज्ञांच्या काळात मराठी भूमीवर नव्याने झाला. कोण बरोबर होते? प्रवरानगरचा साखर कारखाना, जो विठ्ठलराव विखे पाटील आणि गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास उभा केला, तो लहान संस्थेच्या चौकटीत मावला नसता. पण मोठी संस्था, सरकारी भांडवल आणि पदाची प्रतिष्ठा एकत्र आली की सभासद ग्राहक होतो आणि संचालक धनी होतो, हेही आपण पाहिले आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

समारोप

निकल्सनचा सल्ला माणूस शोधण्याचा होता. आपण तो मनावर घेतला. सहकारमहर्षी शोधले, काही खरोखर थोर होते, आणि त्यांचे पुतळे उभारले. मात्र रायफायझेनच्या कारकीर्दीतून निघणारा धडा थोडा निराळा आहे. तो सरकारी नोकर होता आणि त्याची बदली होत असे. वायरबुश सुटले, फ्लामर्सफेल्ड सुटले, शेवटी पदही सुटले. चांगला कारभारी आहे तोवर चालणारी मदत आणि तो गेल्यावरही चालणारी संस्था यांतला फरक त्याला प्रत्येक बदलीने शिकवला. १८४६ मध्ये तो स्वतः पाव वाटत होता. १८६४ मध्ये त्याने असा नियम केला की वाटणाऱ्याची गरजच उरू नये.

आपल्या गावची सोसायटी कशी आहे हे पाहण्याची कसोटीही यातून मिळते, आणि ती अवघड नाही. अध्यक्ष उद्या नसला तर ती चालेल काय? कर्ज घेणारा वार्षिक सभेत उभा राहून हिशेब विचारतो काय? शेजाऱ्याचे कर्ज थकले तर ते आपलेही नुकसान आहे असे सभासदास वाटते काय? या तीन प्रश्नांना जेथे होकार मिळतो तेथे हेडेसडोर्फच्या त्या अर्धअंध ब्युर्गरमायस्टरचे काम चालू आहे, मग पाटीवर त्याचे नाव असो वा नसो.